आधी आई बघा, मग पिल्लू

मागच्या महिन्यात इंदापूर तालुक्यातल्या एका वस्तीवर बचत गटाची मीटिंग होती. हप्त्यांचा हिशेब झाला, कोणाचं कर्ज कधी फिटणार ते ठरलं, चहा आला. तेवढ्यात मागे बसलेली एक जण हळूच म्हणाली, "ताई, एक इचारू का? आमचं पोरगं लई मागं लागलंय. लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणायचं म्हणतंय. रानात राखणीला बी हुईल आन् सशाच्या मागं बी पळंल, म्हणतंय. पंधरा हजार सांगितल्यात. आणू का?"

सगळ्या जणी हसल्या. बचत गटात कुत्र्याचा प्रश्न! मला मात्र हसू आलं नाही. एक तर पंधरा हजार म्हणजे आपल्या गटात एखादीला शेळ्या घेण्यासाठी दिलेलं कर्ज. आणि दुसरं म्हणजे हाच प्रश्न आमच्या घरात नऊ वर्षांपूर्वी आला होता, तेव्हा आम्ही कोणालाही काहीही न विचारता पिल्लू घेऊन मोकळे झालो होतो. त्याची किंमत पैशांपेक्षा जास्त होती. म्हणून त्या दिवशी तिला जे सांगितलं, तेच आज तुम्हा सगळ्यांना सांगते.

नऊ दिवसांचा पाहुणा

आमचं घर बारामतीत आणि रान इंदापूर तालुक्यात. पुतण्या तेव्हा कॉलेजात होता. एके दिवशी तो पुण्याहून आला तो बुटांच्या खोक्यात एक पिल्लू घेऊनच. पिवळसर, गुबगुबीत, लोकरीच्या गुंड्यासारखं. "काकू, ओरिजिनल लॅब्रॅडॉर आहे!" विकणाऱ्याने पिल्लाची आई दाखवली नव्हती. "आई गावाकडं असते" असं सांगितलं होतं. वय विचारलं तर "सव्वा महिना". लस? "दिली की." कागद? "नंतर पाठवतो."

सासूबाई म्हणाल्या, "घरात कुत्रं नको." पण पोरांनी पिल्लाला उचललं आणि विषय संपला. त्याचं नाव ब्रुनो ठेवलं. चौथ्या दिवशी त्याने खाणं सोडलं. पाचव्या दिवशी उलट्या आणि रक्ताचे जुलाब. डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, "पार्व्हो आहे. पिल्लू फार लहान आहे, आईपासून लवकर तोडलंय." रोज सलाईन, रोज इंजेक्शन. रात्री उशाशी कोण बसणार? घरातली बाईच! पुतण्याची परीक्षा होती, 'ह्यां'ना सकाळी रानात जायचं होतं. मी बसले. नवव्या दिवशी पहाटे ते गेलं.

परसातल्या शेवग्याखाली खड्डा काढला. ज्या सासूबाई कुत्रं नको म्हणत होत्या, त्याच आतून चतकोर भाकरी घेऊन आल्या आणि खड्ड्यात ठेवली. "लेकराला वाटंला पाहिजे," एवढंच म्हणाल्या. पुतण्या दोन दिवस जेवला नाही. डॉक्टरांनी बजावलं, "हा रोग जमिनीत महिनोन् महिने टिकतो. घर ब्लीचने धुऊन काढा आणि वर्षभर दुसरं पिल्लू आणू नका."

ते वर्ष मी वाचण्यात आणि विचारण्यात घालवलं. पशुवैद्यक डॉक्टरांना विचारलं, कुत्री पाळणाऱ्यांना विचारलं. आणि लक्षात आलं की आपण मुलीला स्थळ बघताना घर बघतो, माणसं बघतो, चार ठिकाणी चौकशी करतो. जे जनावर पुढची दहा-बारा वर्षं आपल्या दारात राहणार, ते मात्र खोक्यातून उचलून आणतो.

ही जात कशासाठी झाली?

लॅब्रॅडॉरचं पूर्ण नाव लॅब्रॅडॉर रिट्रीव्हर. रिट्रीव्ह म्हणजे परत आणून देणं. कॅनडाच्या किनाऱ्याजवळ न्यूफाउंडलंड नावाचं बेट आहे. तिथल्या कोळ्यांची कुत्री थंडगार पाण्यात उडी मारून जाळ्याचे दोर ओढत, निसटलेले मासे आणून देत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या सरदारांनी ती तिकडे नेली आणि शिकारीसाठी वाढवली. १९०३ मध्ये तिथल्या केनेल क्लबने या जातीला मान्यता दिली. दुसरा रिट्रीव्हर म्हणजे लांब सोनेरी केसांचा गोल्डन. त्याची सुरुवात स्कॉटलंडमधली, १८६८ च्या सुमाराची.

काम काय, तर साहेबाने बार काढला की बदक तळ्यात पडणार. तोपर्यंत कुत्र्याने शेजारी गुपचूप बसायचं. हुकूम मिळाला की पाण्यात जायचं, बदक तोंडात धरायचं आणि दात न लावता आणून हातात द्यायचं. म्हणजे रिट्रीव्हर हा मारणारा कुत्रा नाहीच. थांबणं आणि न दुखावता आणणं, या दोन गुणांसाठी पिढ्यान् पिढ्या निवडून त्याची जात घडवली. याच गुणांमुळे आणि तेज नाकामुळे तो पुढे पोलिसांच्या कामाला आला. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला 'झंजीर' आठवतो ना? तो लॅब्रॅडॉरच होता. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात त्याने ३ हजार किलोंहून जास्त आरडीएक्स शोधून दिलं. त्याचं शिक्षण आपल्या पुण्यातलं. नोव्हेंबर २००० मध्ये तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला.

आता आपल्या भागाकडे या. उजनीच्या पाण्यावर भिगवण, कुंभारगावला हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, चक्रवाक येतात, तऱ्हेतऱ्हेची बदकं येतात. जुन्या काळचा साहेब इथे आला असता तर बंदूक आणि रिट्रीव्हर घेऊनच आला असता. आज तिथले मच्छीमार बांधव पर्यटकांना होडीतून पक्षी दाखवतात आणि त्यावर घरं चालवतात. जिवंत पक्ष्यावर मिळणारी ही कमाई मला फार मोलाची वाटते.

"सशाच्या मागं पळंल"

त्या बाईच्या मुलाने ससा म्हटलं होतं. आमच्या पुतण्याच्या मित्रांनीही तेच म्हटलं होतं. ससा, तित्तर, जमलं तर रानडुक्कर. म्हणून हे स्पष्टच सांगते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. आणि कायद्याच्या भाषेत शिकार म्हणजे फक्त मारणं नाही. जनावराचा पाठलाग करणं, त्याला हुसकावणं, फास लावणं, यातलं काही करण्याचा प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीतच मोडतं. म्हणजे "आम्ही मारलं कुठं, नुसतं कुत्रं सोडलं" हे उत्तर चालत नाही. हौसेपायी पोरगं कोर्टाच्या फेऱ्यात अडकायचं. डुकरांनी पीक तुडवलं तर वनखात्याकडे अर्ज करून नुकसानभरपाई मागायची, तो आपला हक्क आहे.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी आपलं माळरान काय आहे, ते आपल्यालाच माहीत नसतं. बारामती तालुक्यात सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ मध्ये झालेलं. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, पण तिथे चिंकारा हरणं आहेत. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या माळावर चिंकारा आहेत, लांडगे आहेत, खोकड आहे. मोकाट सोडलेली कुत्री हरणांच्या पाडसांमागे लागतात. शिवाय ज्या पार्व्होने आमचा ब्रुनो गेला तो, आणि डिस्टेंपर, हे कुत्र्यांचे रोग लांडग्या-खोकडांनाही होतात. तेव्हा कुत्रं कोणतंही असो, लस टोचलेलं आणि आपल्या हाताखाली राहणारं हवं.

राखणीचं म्हणाल तर लॅब्रॅडॉर भुंकेल, पण चोराने बिस्कीट दिलं तर त्याच्याही पायात घुटमळेल! मेंढरांच्या राखणीला आपल्या धनगर बांधवांची कुत्री सरस. वेगात पळणारं पाहिजे तर आपला कारवानी आहे, कर्नाटकातला मुधोळ आहे. मुधोळचं तर २००५ मध्ये टपाल तिकीट निघालं आणि पुढे लष्करानेही ही कुत्री घेतली. पण ही नजरेने शिकार धरणारी जात. समोर काही पळालं की हाक ऐकणं कठीण. त्यांना मोकळी, कुंपणाची जागा लागते.

मग रिट्रीव्हर कशासाठी? तर माणसाबरोबर काम करण्यासाठी. रात्रीच्या लायटीवर दारं धरायला जावं लागतं, तेव्हा पुढेमागे चालणारा, शिट्टी वाजवली की परतणारा, वास येताच थबकून आपल्याला सावध करणारा सोबती. ज्या घराला असा सोबती हवा, त्याने रिट्रीव्हर घ्यावा. नुसतं दाराशी भुंकायला हवं असेल तर वस्तीवरच्या कुत्रीचं पिल्लू घ्या, लस टोचा, जीव लावा. पंधरा हजारांचं काही काम नाही.

दुसऱ्यांदा आम्ही काय बघितलं

वर्ष उलटून गेल्यावर पुतण्याने पुन्हा विषय काढला. या वेळी मी अट घातली, "मी बरोबर येणार आणि पहिल्यांदा आई बघणार." पुण्याजवळ एका घरी लॅब्रॅडॉरची मादी होती, तिथे आम्हाला पाच महिने थांबावं लागलं. त्या घरच्या बाईंनीच आम्हाला जास्त प्रश्न विचारले! घरात लहान मुलं आहेत का, कुत्रं बांधून ठेवणार का, उन्हाळ्यात सावली आहे का. तेव्हाच मला वाटलं, हे घर बरोबर आहे. ज्याला आपलं पिल्लू कुठे जातंय याची काळजी नाही, त्याच्याकडून घेऊ नये.

पहिली गोष्ट आई. ती अनोळखी माणसाला बघून घाबरते का, गुरगुरते का, की शेपूट हलवत पुढे येते? पिल्लं रक्तातून आणि रोजच्या संगतीतून आईचाच स्वभाव घेतात. आम्ही बाईंना म्हटलं, तिला काही आणायला सांगा. त्यांनी अंगणात कापडाची गुंडाळी फेकली. ती बसून राहिली. "जा" म्हटल्यावर गेली आणि आणून हातात दिली. जिला हे आवडतं, तिच्या पिल्लांत ते उतरण्याची शक्यता जास्त. लॅब्रॅडॉरमध्ये दोन वळणं असतात. प्रदर्शनासाठी वाढवलेली जाड, भरदार असतात, तर कामासाठी वाढवलेली सडपातळ आणि चपळ. रानात हिंडायचं असेल तर आईबाप फार थोराड नसलेले बरे.

दुसरी गोष्ट सांधे. या जातीत खुब्याचा आणि कोपराचा सांधा वाढत्या वयात नीट न घडण्याचा दोष पिढीजात येतो. पिल्लू लहानपणी छान उड्या मारतं आणि ऐन उमेदीत लंगडायला लागतं. म्हणून आईबापांच्या खुब्याचे एक्स-रे काढलेत का, हे विचारावं. डोळ्यांचेही काही रोग पिढीजात असतात, त्यांचीही तपासणी विचारावी. विचारल्यावर समोरचा हसला, तर उठावं.

तिसरी गोष्ट कागद. केनेल क्लब ऑफ इंडियाचा दाखला म्हणजे पिल्लाचा वंशवेल. आजी-आजोबा कोण, ते त्यात कळतं. पण दाखला म्हणजे तब्येतीची हमी नव्हे, हे लक्षात ठेवा. २०१७ मध्ये सरकारने कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम केले. त्यानुसार पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आमचा ब्रुनो सव्वा महिन्याचा होता! आठ आठवड्यांपर्यंत पिल्लू भावंडांत खेळून शिकतं. जोरात चावलं तर दुसरं किंचाळतं आणि खेळ थांबतो. 'हळू धरायचं' हा पहिला धडा त्याला तिथेच मिळतो.

चौथी गोष्ट खुद्द पिल्लू. डोळे-नाक स्वच्छ, कानाला वास नाही, हिरड्या गुलाबी, शेपटीखाली कोरडं, पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं नाही. फुगलेलं पोट म्हणजे बहुधा जंत. मग पुतण्याने कागदाचा बोळा टाकला. जे पिल्लू धावतं, उचलतं आणि आपल्याकडे यायला बघतं, ते लक्षात ठेवायचं. मी मुद्दाम किल्ल्यांचा जुडगा पाडला. दचकलं तर हरकत नाही, पण थोड्या वेळाने हुंगायला आलं पाहिजे. उचलून उताणं धरलं, तर जरा वळवळून शांत झालं पाहिजे. या पाच मिनिटांच्या परीक्षेवर सगळं ठरत नाही. आठ आठवडे त्यांच्यात वावरलेल्या बाईंचा शब्द जास्त मोलाचा. सगळ्यांना ढकलून पुढे येणारं नको आणि कोपऱ्यात दडून बसणारंही नको, मधलं घ्या, असं त्या म्हणाल्या.

त्यांनी बोट दाखवलं ती मादी होती. पुतण्याचं तोंड उतरलं. "काकू, नर घेऊ ना. मादी म्हणजे कटकट." बाई शांतपणे म्हणाल्या, "येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो. माद्या मागे राहतात, मग स्वस्तात मागतात." मैत्रिणींनो, इतकी वर्षं गावोगाव 'मुलगी नको' म्हणणाऱ्यांशी भांडत आलेय. ते वाक्य माझ्याच घरच्या पोराच्या तोंडून ऐकल्यावर काय वाटलं असेल? मी म्हटलं, "हीच घ्यायची." शिकायला माद्या नरांपेक्षा तसूभरही कमी नसतात, आणि पिल्लावळ नको असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने नसबंदी करून घेता येते. तिचं नाव आम्ही राणी ठेवलं.

आणल्यानंतरचं काम बाईचंच

पिल्लू कोणीही आणो, त्याचं करावं लागतं घरातल्या बाईला. म्हणून 'हो' म्हणायच्या आधी हे डोक्यात ठेवा. लसीचे डोस चुकवायचे नाहीत. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि मग डॉक्टर सांगतील तशी, बहुतेक दरवर्षी. कुठलंही कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि सरळ सरकारी दवाखाना गाठायचा. हळद, मिरची, चुना काही लावायचं नाही.

खाण्यात नुसती दूध-भाकरी पुरत नाही. अंडी, मांस किंवा तयार खाद्य लागतं. आपल्याकडे द्राक्षबागा भरपूर, पण द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषासारखे, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कांदाही वाईट. औषधफवारणीचे डबे, उंदरांचं औषध वर कडीत ठेवायचं. ही थंड मुलखातली जात, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये दुपारी बाहेर काढायचं नाही, पाण्याचं घमेलं कायम भरलेलं हवं. गोचीड रोज बघायचे. आणि गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या उसातही बिबट्या दिसायला लागलाय, त्याला कुत्रं म्हणजे सोपं भक्ष्य. रात्री अंगणात साखळीला बांधणं म्हणजे ताट वाढून ठेवणं. कुत्रं दाराच्या आत घ्या.

राणी आता आठ वर्षांची आहे. नीरा डाव्या कालव्याच्या कडेने जाताना पाण्यावर बदकं दिसली की ती थरथरते, पण बसून राहते, माझ्याकडे बघते. मी "चल" म्हणते, आम्ही पुढे जातो. एकदा मात्र तिने तिच्या आज्या-पणज्यांचं काम केलंच. अचानक आलेल्या पावसात कोंबडीचं एक पिल्लू पाटात पडलं. मी धावेपर्यंत राणीने उडी मारली आणि तोंडात काहीतरी धरून माझ्यापुढे येऊन बसली. मला वाटलं, मेलं. तिने हळूच जबडा उघडला. ओलंचिंब पिल्लू माझ्या ओंजळीत चिवचिवत होतं. अंगावर एक ओरखडा नव्हता. सासूबाईंनी त्या दिवशी राणीला अख्खी भाकरी घातली, तुपात चुरून.

गटातल्या त्या बाईला एवढं सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "ताई, बघून तर येते." पंधरा दिवसांनी पुढच्या मीटिंगला आली. म्हटलं, काय झालं? "गेलते की. म्या म्हनलं, आधी आई दाखवा. तर म्हनला, आई गावाकडं असते." ती थांबली. "मंग मी तशीच माघारी आले. पोरगं रुसलंय जरा."

"रुसू दे," मी म्हटलं. "दोन दिवस रुसेल. नवव्या दिवशी रडण्यापेक्षा ते बरं."